नळाचं पाणी प्यायला हरकत नाही

माझ्या मायवर अन्याय झाला तो वर्षावास संपायच्या पौर्णिमेला, सकाळी, जीपचं इंजिन सुरू झाल्यावर आणि जीप हलायच्या आधी. तक्रार करायची तर कोणावर काय झालं आणि कधी झालं ते पहिल्या ओळीत सांगावं, हे मी गावात पत्रकं लिहिताना शिकले. म्हणून आधी तेच सांगून टाकलं.

माय विहारात जायची पांढरी साडी नेसली होती. नांदुऱ्याच्या स्टेशनावर मला मुंबईच्या गाडीत बसवायचं आणि परत येऊन विहारात खीर वाटायला उभं राहायचं, असा तिचा बेत. माझा व्हिसा उशिरा आला होता, व्हिएन्नातला कॉलेजचा वर्ग माझ्याविना सुरू झाला होता, त्यामुळे गाडी चुकवणं परवडणारं नव्हतं. बॅगा चढल्या. बाबा पुढं बसले, भाऊ आणि दोन काका मागं. मायचा एक पाय जीपच्या पायरीवर. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी ओरडलं, "नळ आले वंऽऽ!"

मायनं पाय खाली घेतला.

"जा तुम्ही," ती बाबांना म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "पोचली की फोन करजो."

"माय, आज तरी राहू दे ना."

"पानी थांबत नाई, माणूस थांबते," ती म्हणाली. हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आले आहे. शाळेच्या गॅदरिंगला आली नाही तेव्हा ऐकलं. मावशीच्या मुलीच्या हळदीला उशिरा पोचली तेव्हा ऐकलं. जीप वळली तेव्हा मागं पाहिलं, तर माय पांढऱ्या साडीचा ओचा खोचून नळाच्या खड्ड्यात उतरली होती. आमच्याकडं प्रेशर नसतं, म्हणून नळ जमिनीच्या खाली खड्ड्यात असतो. त्यात वाकून भांडं धरावं लागतं. तिनं ओला हात वर केला. तो निरोपाचा होता की पलीकडच्या काकूला कळशी सरकव म्हणून होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

जीपमध्ये ड्रायव्हर सोडून चार पुरुष होते, हेही लिहून ठेवते. चौघांचेही हात धडधाकट. कोणीही उतरलं नाही. "तू जा पोरीसोबत, मी भरतो," असं कोणाच्या मनातही आलं नाही, कारण आमच्या गावात नळ बायकांसाठी येतो.

बाहेरच्या वाचकाला वाटेल, एक नळ चुकला तर असं काय बिघडतं? तर ऐका. आमचं गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहे. जमिनीतून निघतं ते पाणी खारं. बोअर मारा, विहीर खणा, खारंच. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, सोडा घालावा लागतो. चहात दूध फाटतं. साबणाला फेस येत नाही. आणि ते पिऊन पिऊन माणसाच्या किडन्या जातात. आमच्या गल्लीतून खामगावला डायलिसिसला जाणारे आहेत, आणि जाणं थांबलेलेही आहेत. म्हणून गोडं पाणी धरणावरून पाइपानं येतं. कधी आठवड्यानं येतं, कधी त्याहून उशिरा. कधी पहाटे, कधी जेवणाच्या वेळी, कधी मयतीच्या वेळी. मी निघाले तेव्हा पाऊस नुकताच संपला होता आणि धरण काठोकाठ भरलेलं होतं, तरीही नळाचा भरवसा नव्हता. नळ चुकला की पुढच्या नळापर्यंत घरानं खारं प्यायचं. मायनं पाय खाली घेतला तो त्याच्यासाठी. तिला मुलगी प्यारी नव्हती म्हणून नाही.

आणि मी व्हिएन्नात आले, जिथं हा प्रश्नच कोणाला पडत नाही.

पडतो, तो पाहुण्यांना. मला शिकता शिकता एका हॉस्टेलच्या रिसेप्शनवर काम मिळालं. जगभरची माणसं बॅगा ओढत येतात आणि किल्ली हातात घ्यायच्या आधी विचारतात, नळाचं पाणी प्यायलं तर चालेल का? मी म्हणते, चालेल. डोंगरातल्या झऱ्यांचं आहे, पाइपानं थेट येतं. इथले लोक त्याला लाइटुंग्सवासर म्हणतात, म्हणजे नुसतं नळाचं पाणी, आणि हा शब्द ते अभिमानानं उच्चारतात. कॉफी मागवली की सोबत या पाण्याचा ग्लास येतो, न मागता. मी एका दिवसात इतक्या वेळा 'प्या, काही होत नाही' म्हणते की कधीकधी तोंड कडू होतं. ज्या गावात हे वाक्य कोणी म्हणू शकत नाही, त्या गावची पोट्टी हे वाक्य विकून खाते आहे.

आपले लोक मात्र ऐकत नाहीत. पुण्याचा एक ग्रुप आला होता. त्यातल्या एका काकांनी मराठी ऐकून मला बाजूला घेतलं.

"आरओ आहे का इथं?"

"नाही काका. नळाचंच प्या."

"डायरेक्ट?"

"डायरेक्ट."

काकांनी खिशातून पाण्यातले क्षार मोजायचा टीडीएस मीटर काढला. युरोप बघायला आलेला माणूस खिशात टीडीएसचा पेन घेऊन फिरतो! त्यांनी तो माझ्या ग्लासात बुडवला, आकडा पाहिला, चष्मा लावून पुन्हा पाहिला. पटलं असावं, पण बाटल्यांचा बॉक्स घेतलाच. जाताना म्हणाले, "तुम्ही विदर्भाकडच्या का? बोलण्यावरून लगेच कळतं." मी म्हटलं, "हाव काका. तुम्ही पुण्याचे, ते न पिण्यावरून कळतं." हसले बिचारे. पण मला तो पेन बघून आतून काहीतरी टोचलं. तसलाच पेन घेऊन मी आणि माझ्या मैत्रिणी गावात घरोघरी फिरलो होतो. बोअरचे आकडे पत्रकात छापले होते. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातल्या साहेबानं पत्रक दोन बोटांत धरून विचारलं होतं, "तुमचा मीटर सरकारमान्य आहे का?" तिथं मीटरनं खरं सांगितलं तरी खरं ठरत नाही, आणि इथं खोटं निघेल म्हणून मीटर लावतात.

शेवटी मी त्या रिसेप्शनवर बसून मराठी पाहुण्यांसाठी एक पत्रक लिहिलं. सवय जात नाही. नळाचं थंड पाणी बिनघोर प्या. गरम नळाचं पिऊ नका, ते अंघोळीसाठी आहे. घर फार जुनं असेल आणि नळ रात्रभर बंद असेल तर आधी थोडं वाहू द्या, चांगलं गार लागलं की भरा. रस्त्यावरच्या कारंज्यांपैकी ज्यावर पिण्याचं पाणी नाही अशी पाटी असेल ते पिऊ नका. पाटी नीट वाचा, इथं पाटीवर लिहिलेलं खरं असतं. शेवटचं वाक्य मॅनेजरला भाषांतर करून सांगितलं तर तो म्हणाला, "पण हे लिहायची काय गरज?" त्याला कसं सांगणार.

मागच्या उन्हाळ्यात माझं शिक्षण संपलं आणि पदवीदानाला माय आली. खामगावचं एक कुटुंब त्याच विमानानं येणार होतं, त्यांच्या ओळखीवर तिला बसवलं. बाबा म्हणाले, "मले झेपत नाई तेवढं बसनं, तूच जा." आयुष्यात पहिल्यांदा मायनं नळ बाबांवर सोडला. विमानतळावर भेटली ती पहिलं वाक्य हे म्हणाली, "तुह्या बापानं काल भरलं म्हने. अर्धं सांडवलं असन."

सामानात तुरीची डाळ होती. घरी पोचल्यावर तिनं ना पाठ टेकली, ना खिडकीतून शहर पाहिलं. डाळ धुतली आणि शिजत टाकली, सोडा न घालता. हा आमच्या पट्ट्याचा मीटर, याला कोणाची मान्यता लागत नाही. झाकण काढून तिनं दाणा दोन बोटांत दाबला, तो लोण्यासारखा दबला.

"बाप्पा बाप्पा," माय म्हणाली. "मेणावानी झाली वं." मग ग्लासभर पाणी प्यायली, आणखी एक प्यायली. "गोड हाय. पन भल्लं थंड, घसा धरन." असं म्हणत तिसरा ग्लास भरला.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पातेली, वाट्या, कॉफीचे मग, माझी एकुलती एक काचेची फुलदाणी, सगळं काठोकाठ. बाथटब भरलेला आणि त्यावर चादर झाकलेली, कचरा पडू नये म्हणून.

"माय, इथं नळ जात नाही. चोवीस तास असतो."

"हाव का? रात्री तू झोपली तवा पायलं मी, होता. पहाटे पायलं, होता." तिनं मान हलवली. "पन किती दिवस राहीन असा?"

रोज सकाळी ती कालचं पाणी समोरच्या कुंड्यांना घालायची आणि ताजं भरायची. मी बाहेर चल म्हटलं की तासाभरात तिचं लक्ष घराकडं. राजवाडा पाहताना म्हणाली, "मोठा हाय. पन नळ सुरू राह्यला तं नसन ना आपला?" मी हसायचे. मला वाटत होतं, दोन आठवड्यांत सुटेल सवय.

पदवीदानाच्या आदल्या संध्याकाळी जिन्याच्या दाराशी चिठ्ठी लागली. मायनं मला बोलावून विचारलं, काय लिहिलं? मी वाचून सांगितलं. पाइपाची दुरुस्ती असल्यामुळे उद्या सकाळी आठपासून बारापर्यंत पाणी बंद राहील. पाणी परत आल्यावर सुरुवातीला थोडं गढूळ येऊ शकतं, ते वाहू द्यावं. अडचण असल्यास या नंबरावर बोला. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

"दिलगीर म्हंजे?"

"माफी मागून राह्यले."

"पान्यासाठी?" मायला हसू आवरेना. "कोनाची, आपली?"

पण सकाळी ती हसत नव्हती. आठ वाजता नळानं सुर्र केलं आणि बंद झाला. मी तयार होऊन आले तर माय घरातल्याच साडीवर, ओट्याला टेकून उभी. तिची निळी साडी पलंगावर घडी केलेली तशीच.

"तू हो पुढं. मी थांबतो."

"कशाला?"

"बाराले पानी येईन. घरी कोन राह्यल?"

"माय, टब भरलेला आहे! पातेली भरलेली आहेत. माझ्या बुटात भरायचं तेवढं राहिलं."

"ते आजचं झालं. उद्यापासून आठ दिस नाई आलं तं?"

"इथं तसं होत नाही."

"तुले काय माईत? तू तं किरायानं राहते."

मी भांडले. ज्या आवाजात मी तहसीलसमोर भाषणं केली त्या आवाजात भांडले. म्हटलं, तू सात समुद्र ओलांडून यासाठीच आलीस ना? ती म्हणाली, "आली ना. तुले पायलं ना मी." मग हळू आवाजात, "जा पोरी. उशीर होईन. पानी थांबत नाई." वाक्याचा दुसरा अर्धा भाग तिनं म्हटला नाही.

मी गेले. माझं नाव पुकारलं तेव्हा माझ्या खुर्चीशेजारी वर्गातल्या एका मुलीची मावशी बसली होती. ती प्रत्येकासाठी टाळ्या वाजवत होती, तिनं माझ्यासाठीही वाजवल्या. भली बाई. तिचं माझ्याशी काही नातं नव्हतं.

परत आले तर दार उघडंच होतं. माय स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. नळ बंद केलेला, खाली एकही भांडं लावलेलं नाही. आधीची भांडी जिथल्या तिथं.

"आलं पाणी?"

"आलं. बाराच्या आधीच आलं. घटकाभर गढूळ आलं, मंग साफ झालं. जसं लिहिलं होतं तसं."

"मग भरलं नाहीस?"

तिनं पदराला हात पुसले. मी पदवीचा कागद तिच्या हातात दिला. तिनं तो पुसलेल्या हातानं धरला, माझं नाव कुठं आहे विचारलं, त्यावर बोट ठेवलं. आणि मग माझी माय, जिला मी जन्मात कोणावर ओरडताना पाहिलं नाही, ती ओरडली.

"म्हंजे सांगता येते!"

"काय?"

"सांगता येते ना पान्याचं! कवा जाईन, कवा येईन. आदल्या दिशी कागद लावला तेनं. चार ओळी. त्याले काय लागते वं? मशीन लागते का? डोंगर लागते का?" ती उभी राहिली होती. "माहा एक पाय गाडीत होता तवा. आदल्या दिशी कोनी मले सांगतलं असतं तं मी सगळं लावून ठेवलं असतं, शेजारनीले सांगतलं असतं, तुले गाडीत बसवलं असतं. मी समजत होतो पानीच तसं हाय. पानी कोनाचं ऐकत नाई. अन् पानी तं ऐकते! मानसं सांगत नाईत मले!"

मी इतकी पत्रकं लिहिली, त्यात टीडीएस लिहिला, फ्लोराइड लिहिलं, योजनेचं नाव लिहिलं, कंत्राटदाराचा धिक्कार लिहिला. आदल्या दिवशी सांगा, ही मागणी एकाही पत्रकात नव्हती. आम्हाला ती करता येते हेच ठाऊक नव्हतं. रोज जे मिळतच नाही ते कोणी हिरावून घेतंय असं वाटत नाही. एवढंच वाटतं, नशिबात नाही.

दुसऱ्या दिवशी माय सकाळीच निळी साडी नेसून तयार. भांडी तशीच भरलेली, पण तिनं मागं वळून पाहिलं नाही. दिवसभर फिरलो. बागेत एका कारंज्याशी मुलं ओंजळीनं पाणी पीत होती. माय म्हणाली, "पाटी पाय आधी." मी पाहिली, पिण्याचं होतं. मग तिनं पदर खोचला आणि ओंजळ लावली.

माय गावी परतली आणि मी इथं राहिले. मला नोकरी लागली आहे, करार झाला आहे, आणि मी त्याबद्दल खूश असायला हवं. पण स्वस्थ बसवत नाही. सकाळी नळ उघडते तेव्हा पाणी येतं आणि मला राग येतो. असल्या रागाला इथल्या भाषेत शब्द असेल, मला सापडलेला नाही. मैत्रीण म्हणते, तू आता इथलीच झालीस, सोड ना. कशी झाले? पाहुणा विचारतो, पाणी प्यायलं तर चालेल का? त्याला हो म्हटलं की त्याचं काम झालं. ज्याचं घर असतं तो पुढचं विचारतो, कधी येणार, कोण सोडणार, नाही आलं तर कोणाला धरायचं? या शहरात मी अजून पहिला प्रश्न विचारते. दुसरा विचारायला माझी जीभ गावाकडंच वळते. घर म्हणजे काय हे मला सध्या एवढंच कळतं.

तो दुसरा प्रश्न मायनं विचारला. गेल्या गेल्या ती गावात पाइपाचा वॉल उघडून नळ सोडणाऱ्या पोराकडं गेली. फोनवर तिनंच मला सगळं सांगितलं.

"त्याले म्हटलं, बाबू, नळ कवा सोडतो ते आदल्या दिशी सांगत जाय. तं म्हने, काकू, मलेच माईत नसते! वरून फोन येते अन् मी वॉल खोलतो. म्हटलं, वरून म्हंजे कोठून? तं म्हने, वरून म्हंजे वरून. म्हटलं, देव हाय का थो? नंबर दे त्याचा."

"दिला?"

"नाई दिला. म्हने, काकू, इंग्लंडहून आल्या तं लय शानपत शिकल्या."

"व्हिएन्ना, माय."

"त्याले काय फरक पडते?"

मग माय ग्रामपंचायतीत गेली. तिथं बाहेरच्या भिंतीवर काळा फळा आहे. त्यावर घरपट्टी थकलेल्यांची नावं होती. खालची जागा रिकामी होती. माय सातवी शिकलेली आहे. तिनं अंगणवाडीतून खडू आणला आणि त्या रिकाम्या जागेत लिहिलं: नळ कधी येणार? खाली स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण. संध्याकाळपर्यंत पुसलं गेलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं. शिपायानं विचारलं, "हे कोनी लिहिलं?" माय म्हणाली, "वाच ना, नाव हाय खाली." आता बाबा म्हणतात, लोक हसून राह्यले. मी बाबांना म्हटलं, मग तुम्ही जाऊन लिहा, तुम्हाला हसणार नाहीत.

अजून नळाची सूचना लागलेली नाही. माय अजून लिहिते आहे. ती एकटी लिहिते म्हणून पुसायला एक शिपाई पुरतो.

म्हणून हे तुम्हाला. जे गावात आहात आणि जे पुण्याला, दुबईला, इथं येऊन बसलात, त्या सगळ्यांना. फिरायला आलात तर इथलं नळाचं पाणी खुशाल प्या, मी लिहून देते. पण गावी जाऊन 'काय ते पाणी, काय ते शहर' एवढंच सांगू नका. रविवारी घरी फोन लावता तेव्हा 'जेवले का' एवढंच विचारून फोन ठेवू नका, पुढचा नळ कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आहे ते विचारा. माहीत नाही म्हणाले, तर लगेच ग्रामपंचायतीला फोन लावा, आणि तिथल्या माणसाला वरचा नंबर देईपर्यंत फोन ठेवू देऊ नका. गावात असाल तर नळ आल्यावर उद्या कळशी तुम्ही उचला, पुरुषांनो, आणि घरातल्या बाईला फळ्यापर्यंत जाऊ द्या. तिच्या हातात खडू द्या. तिचं लिहून झालं की खाली तुमचं नाव लिहा.